डफ फुटल्यावर फडाचे काय झाले?

मराठी शाहिरीच्या इतिहासात डफ टाकून देण्याच्या दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. एक संगमनेरच्या अनंत फंदीची आणि दुसरी सोलापूरच्या रामजोशाची. दोन्ही गोष्टी उत्तर पेशवाईतल्या. दोघेही जन्माने ब्राह्मण, दोघेही तमाशाच्या फडातले पहिल्या मानाचे कवी, आणि दोघांनीही नाव गाजत असताना तमाशा सोडून कीर्तनाला उभे राहणे पत्करले. शाळेच्या पुस्तकांतून या गोष्टी आपणां सर्वांच्या कानांवर आल्या आहेत. तेथे त्या वाट चुकलेला माणूस सन्मार्गाला लागला अशा थाटाने सांगितलेल्या असतात. माझे शिक्षण वाचनालयाच्या बाकावरचे आणि आयुष्य गेले विडी कामगारांच्या सभांत. तेव्हा या गोष्टीकडे मी निराळ्या बाजूने पाहतो. माणूस काम सोडतो तेव्हा तो कोणाच्या सांगण्यावरून सोडतो, जाताना त्याच्या हातात काय असते, आणि मागे राहिलेल्या सोबत्यांच्या पोटाचे काय होते, एवढे विचारण्याची आम्हां युनियनवाल्यांना खोड आहे. तीच खोड आज इतिहासाच्या प्रांतात घेऊन आलो आहे.

हा विषय सुचण्यास कारण झाले आजचे एक गाणे. तरुण मंडळी ज्याला रॅप म्हणतात ते अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात जन्मले. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका इमारतीत झालेल्या मेजवानीपासून त्याचा काळ मोजण्याची प्रथा आहे. गरीब, काळ्या आणि स्थलांतरित कुटुंबांची ती वस्ती. तबकड्यांवरच्या गाण्यातील नुसता ठेका घ्यावयाचा आणि त्यावर यमकांची सरबत्ती करावयाची, ही त्याची रीत. वडीलधाऱ्यांना त्यात गोंगाटच ऐकू येतो, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्याने कलगी-तुऱ्याचा सामना रात्रभर ऐकला आहे त्याला ही रीत परकी वाटावयाचे कारण नाही. डफाच्या थापेवर शब्दांची घाई, प्रतिपक्षाला सवाल, स्वतःच्या कवनाची बढाई, आणि शेवटच्या चरणात स्वतःच्या नावाची छाप, हे सगळे आपल्या घरचेच आहे. फंदी आपल्या कवनात ‘फंदी’ म्हणून डोकावतो, रामजोशी ‘कविराय’ म्हणून. ब्राँक्सचा मुलगाही मध्येच स्वतःचे नाव घेतो. आता पुण्या-मुंबईच्या आणि आपल्या विदर्भाच्या वस्त्यांतील मुले मराठीतून रॅप करू लागली आहेत. त्यांनी ते परदेशातून आणले असे म्हणतात. असेल. पण ज्या जमिनीत ते रुजले ती शाहिरांची आहे.

तर त्या रॅपवाल्यांच्या जगात निरोपाची एक प्रथा पडली आहे. गाणारा जाहीर करतो की, हा माझा शेवटचा संग्रह, यापुढे मी गाणार नाही. त्या शेवटच्या गाण्यांना तो आपले सगळे चरित्र जोडतो. यातील सर्वांत गाजलेला निरोप जे-झी या नावाने गाणाऱ्या शॉन कार्टरचा. न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन भागातील सरकारी चाळीत वाढलेला हा माणूस. १४ नोव्हेंबर २००३ रोजी त्याने ‘द ब्लॅक अल्बम’ हा संग्रह प्रसिद्ध केला आणि हा आपला निरोप आहे असे सांगितले. त्यात एका गाण्यामध्ये त्याची आई आपल्या मुलाच्या जन्माची हकीकत स्वतःच्या आवाजात सांगते. पुढे अकरा दिवसांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या प्रचंड सभागृहात निरोपाचा जलसा झाला. लोक हळहळले. मग काय झाले? २००४ च्या अखेरीस ज्या कंपनीसाठी तो गात होता तिचाच अध्यक्ष म्हणून त्याची नेमणूक जाहीर झाली. आणि नोव्हेंबर २००६ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी, तो नवा संग्रह घेऊन पुन्हा उभा राहिला. लॉजिक नावाच्या दुसऱ्या एकाने जुलै २०२० मध्ये, आता मुलाकडे बापाच्या नात्याने लक्ष द्यावयाचे आहे असे सांगून, अखेरचा म्हणून संग्रह काढला. वर्षभरात तोही परतला.

यात लबाडी शोधण्याची घाई करू नये. गिरणीतून निवृत्त झालेला जॉबर दोन महिन्यांनी पुन्हा फाटकापाशी येऊन उभा राहतो, तो काही फसवणूक करीत नसतो. तीस वर्षे ज्या कामाने दिवसाला आकार दिला ते सुटले की दिवस उरतो आणि त्याचे काय करावे ते कळत नाही. पण जे-झीच्या निरोपात मला लक्षात घेण्यासारखी वाटते ती गोष्ट निराळीच आहे. त्याला निरोप घेता आला, कारण घेण्यासारखे त्याच्यापाशी काही होते. त्याचे गाणे ध्वनिमुद्रित होते, त्यावर त्याचे नाव आणि हक्क होता, आणि कंपनीशी बोलणी करण्याइतकी त्याची ताकद होती. शेवटचा शब्द कोणता असावा हे तो स्वतः ठरवू शकत होता. आपल्या शाहिरांकडे यांतले काय होते, हे पाहण्यासाठी आता संगमनेरास आणि सोलापुरास परत येऊ.

अनंत भवानीबावा घोलप, म्हणजे फंदी, याचा जन्म १७४४ चा. मलिक फंदी नावाच्या फकिराच्या दोस्तीमुळे त्याला ते उपनाव चिकटले, असे सांगतात. लावण्या, पोवाडे आणि उपदेशाचे फटके, तिन्ही त्याने लिहिले. फटका हा प्रकार तर त्याच्याच नावावर रूढ झाला. आख्यायिका अशी की, तो तमाशा घेऊन होळकरांच्या राज्यात गेला असता अहिल्याबाईंनी त्याला बोल लावला. ब्राह्मणाने आणि एवढ्या कवीने हा धंदा करावा हे त्यांना रुचले नाही. फंदीने तमाशा सोडला आणि तो कीर्तने करू लागला.

रामजोशाचा जन्म १७६२ चा धरतात. घराणे वेदशास्त्र जाणणारे, थोरला भाऊ मुद्गल जोशी पुराण सांगणारा. या मुलाचे मन मात्र धोंडी शाहिराच्या फडात रमले. भावाने घराबाहेर काढले तेव्हा तो पंढरपुरास गेला, तेथे संस्कृत काव्य शिकला, आणि शिकून परत आला तो पुन्हा तमाशातच उभा राहिला. याच्या लावणीत संस्कृत शब्दांचा जो खणखणाट आहे तो त्या पंढरपुरच्या अभ्यासाचा. मग बारामतीस मोरोपंतांची गाठ पडली. पंतांनी त्याचे कवित्व वाखाणले आणि ते कीर्तनाकडे वळवावे असे सुचविले. रामजोशाने डफ फोडला. मोरोपंतांच्या आर्या पोथीतून उचलून कीर्तनाच्या द्वारे गावोगाव पोहोचविण्याचे मोठे श्रेय त्याच्याकडे जाते. १९४७ साली राजकमलने ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट काढला. त्यात जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांनी काम केले, आणि माडगूळकरांची गाणी घरोघर गेली. आपल्यापैकी वडील मंडळींना रामजोशी आठवतो तो बहुधा त्या पडद्यावरचा.

आता तारखा पाहू. तारखा रुक्ष असतात, पण आख्यायिकेला विचारण्याचे प्रश्न त्यांच्यापाशी असतात. मोरोपंत एप्रिल १७९४ मध्ये वारले. अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ रोजी गेल्या. म्हणजे हे दोन्ही उपदेश त्याआधीचे. त्या वेळी फंदी फार तर एक्कावन्न वर्षांचा आणि रामजोशी फार तर बत्तिशीचा. पुण्याची भरभराट अजून सरलेली नव्हती, इंग्रजी अंमल यावयाला वीसहून अधिक वर्षे होती. यावरून एक गोष्ट उघड होते की, श्रोते आटले म्हणून किंवा आश्रय तुटला म्हणून या दोघांनी तमाशा सोडला नाही. मागणी होती. सुपारी मिळत होती. त्यांना तेथून बाहेर काढले ते प्रतिष्ठेने.

दुसरे असे की, मार्च १७९५ मध्ये खर्ड्याची लढाई झाली आणि तिच्यावर फंदीचा पोवाडा आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव वारले आणि त्यांच्यावर ‘श्रीमाधवनिधन’ हे ओवीबद्ध काव्य फंदीने रचले. ते काव्य अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतरचे, हे सांगण्यास पंडित नको. म्हणजे तमाशा सुटला तरी लेखणी चालूच होती. रामजोशीही १८१२ पर्यंत जगला, मोरोपंतांच्या मागे अठरा वर्षे, आणि कीर्तनाच्या पाटावर उभा राहून त्याने आपली रसवंती चालविली. मग डफ फोडला म्हणजे फोडले काय? कविता सोडली नाही, गाणे सोडले नाही, श्रोत्यांपुढे उभे राहणेही सोडले नाही. सोडली ती संगत.

ही संगत कोणाची, ते नीट पाहिले पाहिजे. तमाशाचा फड म्हणजे एकटा कवी नव्हे. ढोलकीवाला, डफवाला, तुणतुणेवाला, मागे उभे राहून झील धरणारे, सोंगाड्या, नाच्या पोऱ्या, मिळून आठदहा माणसांचे ते एक बिऱ्हाड असे. रात्रीच्या दौलतजाद्यातून वाटे पडावयाचे. कवी नावाचा धनी, आणि बाकीचे त्या नावावर जगणारे. यांतील पुष्कळ जण महार, मांग, कोल्हाटी अशा जातींचे. कीर्तनाला इतकी माणसे लागत नाहीत. एक मृदंग, एक टाळ, एवढ्यावर भागते. बिदागी मिळते ती बुवाला. शिवाय कीर्तन होते देवळात. फंदीपुढे आणि रामजोशापुढे एक दार बंद झाले तेव्हा दुसरे उघडे होते, ते देवळाचे. त्या काळी त्यांच्या ढोलक्याला त्या दाराची पायरीसुद्धा चढता येत नव्हती. अहिल्याबाईंचा उपदेश खरा मानला आणि तो सद्‌हेतूचा होता हेही मान्य केले, तरी तो उपदेश फडातील एकालाच करता येण्यासारखा होता. उरलेल्यांना तो केला असता तर त्यांनी विचारले असते, बाईसाहेब, आम्ही कोठे जावे?

ते कोणी विचारल्याचे आख्यायिका सांगत नाही. तिचे लक्ष नायकावर असते. रामजोशाच्या बयेचे नाव परंपरेत टिकले, चित्रपटाने तिला नायिका केले, एवढ्यावर तिची बोळवण झाली.

याच्या उलट्या दिशेने गेलेला एक माणूस नजरेसमोर ठेवला तर हा न्याय अधिक स्पष्ट होतो. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव. जन्म ११ नोव्हेंबर १८६६, वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे. याने तमाशाला निरोप दिला नाही, तमाशासाठी कुलकर्णीपणाला निरोप दिला. वतन सोडले, जात सोडली, पवळेसारख्या थोर कलावतीच्या साथीने फड गाजविला. मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्याला डोक्यावर घेतले. पण त्याच्या त्या निरोपाची कथा कोणी सन्मार्गाची कथा म्हणून शाळेत लावली नाही. २२ डिसेंबर १९४५ रोजी तो पुण्यात वारला तो दारिद्र्यात. वर चढणाऱ्याच्या निरोपाला आरती मिळते आणि खाली उतरणाऱ्याच्या निरोपाला नुसते कुतूहल, हा समाजाचा जुना हिशेब आहे.

विसाव्या शतकात या प्रश्नाला एक तिसरे उत्तर निघाले आणि ते मला सर्वांत मोलाचे वाटते. सत्यशोधकांच्या आणि पुढे आंबेडकरी चळवळीच्या जलशांनी डफ फोडला नाही. ज्यांना देवळाचे दार नव्हते त्यांनीच तो हाती धरला आणि त्यावरचे गाणे बदलले. भीमराव कर्डकांनी नाशकाकडे १९३१ साली जलसा उभा केला. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, सोंगाड्याची फिरकीही तीच, परंतु विषय पाणवठ्याचा, शिक्षणाचा आणि माणुसकीचा. येथे प्रतिष्ठा मिळविण्यासाठी एकाने बाहेर पडावे लागले नाही, सगळा फडच उभ्या जागी वर आला. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले तेही याच वाटेने. आम्हां कामगार चळवळीतल्यांची ती विद्यापीठे. या मंडळींच्या नशिबी मात्र निरोपाचा समारंभ नव्हता. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. वामनदादा कर्डक २००४ साली वारले, तोवर गातच होते.

आणि विठाबाई. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, जन्म १९३५. नऊ महिने भरलेले असताना बोर्डावर नाचता नाचता पोटात कळा आल्या, पडद्यामागे जाऊन बाळंत झाली आणि पुन्हा उभी राहिली, ही तिची हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. लोक ती टाळ्यांसाठी सांगतात. मला ती कारखान्यातील अपघाताच्या चौकशीसारखी ऐकू येते. बाळंतपणाची रजा हा शब्द ज्या धंद्यात नाही त्या धंद्याची ती हकीकत आहे. १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा गौरव झाला. जानेवारी २००२ मध्ये ती वारली तेव्हा हलाखीतच होती. पुढे सरकारने तिच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगला आहे. तो ज्यांना मिळतो त्यांना मी वाकून नमस्कार करतो. पण दर वर्षी तो एकालाच मिळतो.

भंडाऱ्यात बसून हे बोलताना आपल्या खडी गंमतीची आठवण न होणे शक्य नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, परंतु खडी गंमतीने ती सीमा मानलेली नाही. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. धान अजून पुरते घरात आलेले नसते, लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि रात्री कोठे दंडार, कोठे नाटक, कोठे शाहिरांचा दुय्यम सामना. नाच्याचे काम येथे पुरुषच करतो. पायात चाळ बांधून नाचणारा हा माणूस दिवसा कोणाच्या तरी बांधीत धान कापतो, उन्हाळ्यात तेंदूपाने तोडतो. विडी वळणाऱ्यांसाठी १९६६ साली कायदा झाला, दहा वर्षांनी कल्याण निधीचा कायदा आला, पुढे भविष्यनिर्वाह निधीही लागू झाला. त्यांतले पदरात किती पडते तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय. निदान मागण्यासाठी कागद तरी आहे. ढोलकी वाजविणाऱ्याला मालक कोण, हेच दाखविता येत नाही. मालक म्हणजे मंडईचे गाव, आणि गाव तर दर रात्री बदलते.

काही वर्षांपूर्वी मोहाडी तालुक्यातील एका शाहिराने मंडईच्या रात्री भर गंमतीत जाहीर केले की, घसा साथ देत नाही, हा आपला शेवटचा फड. लोकांनी शाल दिली, श्रीफळ दिले. शेवटचा सवाल त्याने स्वतःलाच घातला आणि उत्तरही स्वतःच दिले. रॅपवाल्यांचा शेवटचा संग्रह याहून निराळा काय असतो? मुलगे जमिनीत राबत होते, घर पक्के होते, त्याला थांबता आले. त्याच्यामागे तिसाहून अधिक वर्षे ढोलकी धरणारा गडी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आला. शाहीर थांबला म्हणजे पार्टी थांबली. नव्या पोरांच्या पार्टीत की-बोर्ड आला आहे, त्यांना ढोलकी आठवड्यातून एकदा लागते. ज्येष्ठ कलावंतांना सरकार महिन्याला मानधन देते ते आपल्याला मिळेल काय, एवढेच त्याला विचारावयाचे होते.

अर्ज भरावयास बसलो. कला सादर केल्याचा पुरावा हवा होता. कात्रणे, छायाचित्रे, प्रमाणपत्रे. वर्तमानपत्रात नाव छापून यावयाचे ते शाहिराचे. फोटो होते त्यांत शाहीर पुढे, नाच्या मध्ये, आणि हा ढोलकीच्या मागे अर्धा कापलेला. पहिल्या खेपेस अर्ज परत आला. कोठून आला ते सांगण्यात अर्थ नाही, तेथील कारकून माणूसही नियमाने बांधलेला होता. मग आम्ही दोघे त्या शाहिराच्या घरी गेलो. म्हाताऱ्याने माळ्यावरून एक पेटी काढली. तीत कवनांची बाडे होती आणि त्यांखाली मेणकापडात गुंडाळलेल्या चार वह्या. प्रत्येक मंडईच्या रात्री किती बयाणा आला, बैलगाडीला किती गेले, पुढे पुढे टेम्पोला किती गेले, आणि कोणाच्या वाट्याला किती आले, हे त्याने ओळीने लिहून ठेवले होते. कोठे सात रुपये, कोठे चाळीस, शेवटच्या वहीत पाचशे. प्रत्येक पानावर या गड्याचे नाव होते आणि पुढे त्याचा अंगठा, कारण सही तो पन्नाशीनंतर शिकला. शाहिराने वह्या त्याच्या हाती दिल्या आणि म्हणाला, “घेऊन जा गा, पण बाडं ठेव.” आम्ही भंडाऱ्यास येऊन एकशे बारा पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि अर्जाला जोडल्या.